दोन शेवट आणि एक मुका कंट्रोलर

या मित्रांनो, जवळ सरका. आवाज माझा बारीक आहे, पण गोष्ट मोठ्या मनाची आहे. ऐकाल तर गोड लागेल.

मी एक जुना कंट्रोलर आहे. व्हिडिओ गेम खेळताना तुम्ही दोन्ही हातांत धरता ना, तोच. कुठल्याशा दूरच्या कारखान्यात माझी बटणं बसली आणि जहाजातून येऊन मी कुमासी शहराच्या बंतामा भागात, सेर्वा आंटीच्या गेमच्या दुकानात पोचलो. तिथे माझा मान काय सांगू! तळलेल्या केळ्यांचे तेलकट, तिखट हात मला लागत, पण मी कधी कुरकुरलो नाही. रविवारी शेजारच्या प्रार्थनाघरात उपदेशक गाऊन उपदेश करी. अर्धी ओळ त्याची, उरलेली मंडळींची. ते ऐकून माझं प्लास्टिकचं अंगही शहारून जाई.

बोआदी आणि पोकुआ माझे लाडके. शाळेपासूनचे मित्र. ‘दीपस्तंभ’ नावाच्या खेळाचे तिन्ही भाग ते एकाच बाकावर बसून खेळले. दुसऱ्या भागाच्या शेवटी दिवा राखणारी मुलगी घरी जायचं सोडून जहाजांसाठी तिथेच राहते. तिसऱ्याच्या शेवटी मात्र ती दिवा विझवून खाली उतरते आणि आईकडे जाते. झालं, इथेच ठिणगी पडली!

“ड्यूटी सोडून पळाली ती!” बोआदी म्हणाला. “सगळ्या त्यागाचं मातेरं केलं.”

“मुलगी आहे ती, खांब नव्हे!” पोकुआ कडाडली. “आणि ड्यूटीचं तू बोलतोस? तू तर कुणाच्या लग्नालासुद्धा वेळेवर पोचत नाहीस!”

दुकानात हशा पिकला, पण बोआदीच्या जिव्हारी लागलं. त्याने मला बाकावर आपटलं आणि तो निघून गेला. माझी अंगठ्याने फिरवायची दांडी मोडली. त्या दिवसापासून दोघांचं बोलणं बंद. त्यांच्यापायी दुकानात दोन तट पडले. मी खोक्यात, तुटक्या वायरींखाली. मोडल्याचं दुःख होतंच, पण त्या दोघांच्या अबोल्याचं अधिक होतं.

एका दुपारी सेर्वा आंटीने मला उचलून फडक्याने पुसलं आणि दोघांना बोलावून घेतलं. तिचे आजोबा सरदाराच्या दरबारात काठीधारी होते. तिथे कुणी कुणाशी थेट बोलत नाही. काठी धरणारा एकाचं म्हणणं दुसऱ्याला सांगतो, तेही मूळच्याहून गोड करून.

“काठी नाही, तर हाच घे,” असं म्हणत आंटीने मला बोआदीच्या हातात दिलं. “आता तू पोकुआचं तोंड. तिचं म्हणणं तिच्याहून छान सांग. मग ती तुझं सांगेल.”

“मी? आंटी, तिचा तो शेवट माझ्या घशाखालीच उतरत नाही!”

“तुला कुठे जेवायचंय? नुसतं वाढायचंय!”

बोआदीने मला दोन्ही हातांत धरलं. मग तो हळूच म्हणाला, “पोकुआ म्हणते, त्या मुलीमुळे सगळी जहाजं घरी पोचली. मग एकदा तिलाही पोचू द्या. तिची आईही किनाऱ्यावर वाट बघत उभी होती. त्या आईचा त्याग आपण मोजलाच नाही.”

पोकुआचे डोळे भरून आले. “मी एवढं छान कुठे बोलले होते रे!”

मग मी तिच्या हातात गेलो. “बोआदी म्हणतो, काही माणसं जागी राहतात, म्हणून आपल्याला झोप लागते. त्यांचं जागणं असं सहज पुसून टाकू नका.” ती अडखळली. “आणि तो लग्नाला उशिरा येतो, कारण आधी आजारी वडिलांना भरवून येतो. हे ठाऊक असून मी टोमणा मारला. चुकलं माझं.”

“असू दे,” बोआदी म्हणाला. “पण शेवट दुसऱ्याच भागाचा खरा!”

“तिसऱ्याचा!”

आणि दोघं एकाच बाकावर टेकली.

मित्रांनो, त्यांची मतं आजही तीच आहेत. मीही दुरुस्त झालो नाही. पण दुकानात वाद पेटला की पोरं आधी मला शोधतात, आणि माझ्या मुक्या अंगाला पुन्हा हातांची ऊब मिळते. जुनी वस्तू मोडली म्हणून लगेच फेकू नका, आणि मत जुळलं नाही म्हणून माणूस तर मुळीच नाही. सेर्वा आंटी आता देवाघरी गेली. तुमचं कुणाशी बिनसलं, तर घटकाभर तिची आठवण काढा, आणि तिच्यासाठी देवाजवळ दोन शब्द बोला.