माझ्या पायाखालचे धन

मित्रांनो, भिंगारपासून तीन कोसांवर गहिनीनाथ नावाच्या शेतकऱ्याच्या बांधावर दोन तुकडे होऊन पडलेला मी एक जुना वीरगळ आहे. वीरगळ म्हणजे लढताना मेलेल्या माणसाच्या आठवणीसाठी उभारलेला दगड. फार पूर्वी गावाची गुरे पळवणाऱ्यांशी लढताना एक तरुण मुलगा पडला. त्याच्या बापाने पाथरवट बोलावून मला घडवून घेतले. खालच्या चौकटीत मुलगा तलवार घेऊन उभा आहे आणि शेजारी गाई आहेत. वरच्या चौकटीत तो देवापुढे हात जोडून बसला आहे. अगदी वर चंद्र आणि सूर्य आहेत. ते आकाशात असतील तोवर माझ्या पोराची आठवण राहो, असे तो बाप म्हणाला होता. नाव मात्र कोरले नाही, कारण त्यांच्यात कुणालाच अक्षर येत नव्हते.

मला पुरले तेव्हा खड्ड्यात मुरूम घातला आणि कडेने धोंडे ठेचून बसवले. दुसरे काहीही घातले नाही. हे मला पक्के ठाऊक आहे, पण दगडाला कोण विचारतो?

पुढे तो मुलगा लोकांच्या आठवणीतून गेला. माझा उपयोग बैलांना अंग घासायला आणि बायकांना भाकरीचे गाठोडे टेकवायला होऊ लागला. मला त्याचे वाईट वाटले नाही. गहिनीनाथचा एकुलता एक मुलगा छगन माझ्या अंगावरच खेळून मोठा झाला. १९४२ साली, महायुद्ध चालू असताना, तो भिंगारच्या छावणीत जाऊन पलटणीत भरती झाला. निघताना त्याने बैलांच्या पाठीवरून हात फिरवला. माझ्याकडे पाहिले नाही. मी रोजचाच होतो.

दोन वर्षांनी पलटणीचा कागद आला. गावात आलेले लढाईवरचे सगळे कागद मिशनच्या शाळेतले यशया मास्तर वाचून दाखवत. ते कागद घेऊन शेतावरच आले. गहिनीनाथ आणि त्याची बायको आक्काबाई खुरपणी सोडून उभी राहिली.

"छगन बेपत्ता आहे, असं लिहिलंय," मास्तर म्हणाले.

"बेपत्ता म्हंजी काय?"

"म्हणजे सापडत नाही."

"म्यालाय असं न्हाई ना लिवलं?"

"नाही. तसं लिहिलेलं नाही."

"मंग हाय कुटंतरी," गहिनीनाथ म्हणाला आणि पुन्हा खुरपायला बसला. आक्काबाईने तो कागद मागून घेतला आणि पदराच्या टोकात बांधला.

त्यानंतर काही दिवसांनी शेजारचा रंगनाथ भिंगारच्या बाजारातून एका भविष्य सांगणाऱ्याला घेऊन आला. त्या माणसाने माझ्यावरचे चंद्रसूर्य पाहिले, डोळे मिटले आणि सांगितले, "ही धनाची खूण आहे. खाली सोन्याचे सात रांजण आहेत. त्यांच्या राखणदाराने तुझा मुलगा अडकवून ठेवलाय. धन वर काढ, मुलगा घरी येईल." एवढे सांगून तो पायलीभर बाजरी घेऊन गेला.

गावाला मग पुरावेही सापडू लागले. रंगनाथने माझ्या बुडाशी पहार आपटली आणि आत पोकळ वाजते म्हणून सगळ्यांना ऐकवले. कुणा बाईला इथेच खुरपताना तांब्याचे नाणे मिळाले होते, तेही आठवले.

मास्तर दुसऱ्या दिवशी आले. त्यांनी मला चारी बाजूंनी पाहिले. माझ्या बुडाशी हात घालून मूठभर मोकळी माती बाहेर काढली.

"गहिनीनाथ, हे घुशीचं बीळ आहे, म्हणून पोकळ वाजतं. इथून बाजाराची जुनी वाट जाते, नाणं कुणाचंही पडलं असेल. असे चंद्रसूर्य कोरलेले दगड मी कितीतरी गावांत पाहिलेत. तेवढं सोनं या मुलखात असतं, तर दुष्काळात माणसं खडी फोडायला गेली असती का? आणि मला सांगा, तुम्ही धन पुरलं तर त्यावर सगळ्यांना दिसेल अशी खूण ठेवाल?"

"न्हाई ठेवनार."

"मग?"

गहिनीनाथ पहारेच्या टोकाकडे पाहत राहिला. "मास्तर, तुमचं खरं असंल. पर धन खोटं निगालं, तर त्या मानसाचं दुसरं बोलनंबी खोटं ठरतंय. त्ये मला ठरवायचं न्हाई."

मास्तरांनी हातातली माती खाली टाकली. मी कुणाचा दगड आहे हे त्यांनी ओळखले होते. पण ते त्यांनी सांगितले नाही. टोपी काढून घाम पुसला आणि ते वाटेला लागले. मित्रांनो, मी त्यांना दोष देत नाही. त्या बापासमोर मेलेल्या मुलाचे नाव काढणे सोपे नव्हते.

गहिनीनाथ तीन दिवस भर उन्हात एकटा खणत होता. तिसऱ्या दिवशी दुपारी माझ्या बुडाचे धोंडे सुटले, मी कलंडलो आणि खड्ड्याच्या काठावर आपटून कमरेत मोडलो. त्याने वळूनही पाहिले नाही. खाली कठीण खडक लागला. तरी तो त्या खडकावर पहार मारत राहिला.

आक्काबाई भाकरी घेऊन आली होती. ती खड्ड्यात उतरली आणि तिने त्याच्या हातातून पहार काढून घेतली.

"आवं, चला वर. त्यो हितं न्हाई."

तो वर येऊन माझ्या तुकड्यावर बसला. मास्तर बांधावर येऊन उभे होते. बांधापलीकडे गावातले लोकही जमले होते.

"मास्तर, ह्या दगडावर काय कोरलंय?" त्याने विचारले.

आता मास्तरांनी सांगितले. लढाईत पडलेला मुलगा, गाई, देव, सगळे एकेका चित्रावर बोट ठेवून सांगितले. "असे दगड घरचीच माणसं उभारायची. बहुतेक त्याच्या बापानंच उभारला असेल."

गहिनीनाथने त्या कोरलेल्या मुलावरून हात फिरवला. "म्हंजी म्या दुसऱ्या बापाचं पोरगं पाडलं," तो म्हणाला आणि मोठ्याने रडू लागला.

त्या रडण्यानेच पुढचा घात केला. नुसत्या दगडासाठी कुणी इतका रडतो का, काहीतरी सापडले म्हणूनच हे सोंग आहे, असे लोक म्हणू लागले. नवराबायकोने त्याच दिवशी खड्डा बुजवला, तेव्हा संशय आणखी वाढला. विहिरीवर बायकांनी आक्काबाईला गाठले आणि खरेच काही सापडले का, असे विचारले.

"व्हय, गावलं," ती म्हणाली. "लई जड हाय. आमा दोघांना मिळून उचलंना."

बायका मान खाली घालून घागरी उचलून निघाल्या. पण संध्याकाळपर्यंत गावात सोन्याचे वजन ठरले. पुढे दोघे छगनची चौकशी करायला भिंगारला गेली, तेव्हा कुणीतरी त्यांच्या घराची जमीन उकरली. चूलसुद्धा सोडली नाही. मास्तरांनाही वाटा मिळाला, असे रंगनाथ सांगत फिरला. लोकांनी मुले शाळेत पाठवणे बंद केले. मास्तर बायकामुलांना घेऊन दुसऱ्या गावी गेले. जाण्याआधी ते गहिनीनाथला भेटायला आले. दोघे उभ्याउभ्या पिकापाण्याचे बोलले, बाकी काही नाही.

लढाई संपली. भिंगारला पलटणी परत आल्या. १९४६ साली दुसरा कागद आला. गहिनीनाथने तो गावात कुणाला दाखवला नाही, फोडलाही नाही. मुंडाशात खोवून तो मास्तरांच्या नव्या गावी पायी गेला आणि चौथ्या दिवशी परतला. आक्काबाई शेतातच होती. तिने वर पाहिले. त्याने नाही अशी मान हलवली. तिने हातातले खुरपे खाली ठेवले. दिवस मावळेपर्यंत दोघे बांधावर बसून राहिली.

मित्रांनो, शिवारात माझ्यासारखा दगड दिसला, तर त्याला पहार लावू नका. तो कुणीतरी रडत रडत उभा केलेला असतो. धनाची बातमी कानावर आली, तर ते डोळ्यांनी कुणी पाहिले, पोकळ का वाजते, सांगणारा काय घेऊन गेला, हे शांतपणे विचारून पाहा. आणि एवढे विचारूनही एखादा माणूस खणतच राहिला, तर त्याला हसू नका. त्याच्या घरातून कोण गेले आहे, ते आधी विचारा.