हाज्ज अम्मारच्या बागेचा भोंगा

मी एक जुना हातभोंगा आहे. मित्रांनो, स्फाक्स शहराजवळच्या आमच्या गावात देशाची घटना आणि शरियत या दोन्हींचा माझ्याएवढा जाणकार दुसरा नाही. दोन्हींवरची सगळी भाषणं माझ्याच तोंडून झाली. कळलं मात्र काही नाही. मला फक्त मोठ्यानं बोलता येतं.

हाज्ज अम्मारनी मला आणलं ते ऑलिव्ह तोडणाऱ्या बायकांना हाका मारायला. "फांद्या मोडू नका गं," एवढीच माझी नोकरी. पुढं हाज्जसाहेबांचं हृदय कुरकुरायला लागलं आणि बाग त्यांची मुलगी नजिया बघू लागली. मुलगा लसाद शहरात फरशा विकायचा. बाबा गेले की बाग विकून दुकान वाढवायचं, हे तो बाबांच्या ताटातलाच घास घेत बोलायचा.

त्या उन्हाळ्यात राजधानीत नवा कायदा शिजत होता. शरियतप्रमाणे मुलीला मुलाच्या निम्मा वाटा. आता सारखा द्यावा, असं काही जण म्हणत होते. गाव दोन जागी गोळा झालं आणि भोंगा गावात एकच.

सकाळी नगरपालिकेसमोर नजियानं मला तोंडाला लावलं. "घटनेत लिहिलंय, सगळे नागरिक समान. मग मी काय बागेतली बकरी आहे?"

संध्याकाळी मशिदीबाहेर लसादनं मला घेतलं. माझ्या पाठीवर एक लाल बटण आहे. ते दाबलं की शेवटचं बोलणं मी पुन्हा बोलतो. लसादनं घसा साफ केला आणि नेमकं तेच दाबलं. नजियाच्या आवाजात बकरी पुन्हा ओरडली. पुढच्या रांगेतल्या कमी ऐकू येणाऱ्या म्हाताऱ्यांनी सवयीनं "आमीन" म्हटलं.

घरी आल्यावर लसादनं मला सोफ्यावर आपटलं. "अख्ख्या मशिदीसमोर अब्रू घालवलीस."

"बटण तू दाबलंस," नजिया म्हणाली. "आणि शरियतचं एवढं प्रेम आहे ना? मग आई गेली तेव्हा तिच्या विहिरीकडच्या तुकड्यात माझा शरियतचा वाटा होता. तो कुठंय?"

"तो... घरातच आहे की."

"तुझ्या घरात."

हाज्जसाहेबांचं ऑपरेशन सोमवारी होतं. त्यांनी इमामांना आणि नजियाच्या वकीलबाईंना चहाला बोलावलं.

इमाम म्हणाले, "मेल्यावरचे वाटे कुराणात ठरलेत, त्याला हात लावू नका. पण जिवंतपणी बक्षीस देताना मुलांत डावं-उजवं करू नये, हे पैगंबरांनीच सांगितलंय."

"आणि घटना?"

"घटना कशाला अडवेल, हाज्जी?" वकीलबाई म्हणाल्या.

"म्हणजे मी मेल्यावरच तुमचं भांडण. मी जिवंत असेपर्यंत कुणाची हरकत नाही?"

"नाही," दोघं एकदम म्हणाले.

"मग इतकं ओरडत कशाला होतात?"

सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी काय केलं होतं?

हाज्जसाहेबांनी बाग आत्ताच दोघांना सारखी बक्षीस द्यायचं ठरवलं. आमच्याकडं असा दस्त करायला दोन अदूल, म्हणजे दस्त लिहिणारे नोटरी, लागतात, एकाची सही चालत नाही. गावातल्या दोन्ही अदूलांनी मात्र एकमेकांशी बोलणं टाकलेलं. एक सकाळच्या सभेत होता, दुसरा संध्याकाळच्या. एक अंगणात बसला, दुसरा गच्चीवर. मजकूर माझ्यातून वर गेला, दुरुस्त्या माझ्यातून खाली आल्या. कुणाला झाडांच्या किती रांगा, हे शेजारच्या तीन गावांना कळलं. दोघांनी सह्या केल्या. लसाद तोंड फुगवून बसला होता.

"लोक काय म्हणतील, बाबा?"

"म्हणू दे. भोंगा दे त्यांना."

ऑपरेशन झालं, हाज्जसाहेब घरी आले. रांगा मोजल्या तर मधे एक कोवळं रोप उरलं. त्यांनी मला त्यावर टांगलं. "ते दोघांचं. भांडलात तर वकील नको, आधी इथं येऊन बोला."

मित्रांनो, भोंग्याला उन्हात ठेवू नका, बॅटरी सुजते. आणि त्याला उचलण्याआधी घरात हळू आवाजात एकदा विचारून बघा. उत्तर कधीकधी चहाच्या टेबलावरच असतं.

काल लसाद आपले ऑलिव्ह न्यायला ट्रक घेऊन आला. मागं घेताना रोप आणि मी दोघंही चाकाखाली गेलो. वाटणी आता बरोबर सारखी झाली आहे.