मागच्या दारांचं गाव

बाळाबाईनं रांगोळी चिमटीत घेतली आणि फरशीवर आधी नदी काढली. नदीला वळण मिळाल्यावर शेजारणीनं घाट काढला, तिसरीनं घाटावरची चिंच काढली, आणि मग एकेक घर उभं राहू लागलं. कोल्हापुरातल्या त्या सरकारी कचेरीच्या अंगणात नऊ बायका ओणव्या बसल्या होत्या. साहेब बाहेर यायला अजून वेळ होता.

शिरोळ तालुक्यातलं त्यांचं गाव दोन महापुरांनी रिकामं केलं होतं. आता सगळी वरच्या माळावर पत्र्याच्या खोल्यांत राहत होती. जुन्या गावात ज्याची चूल वेगळी, त्याला नव्या वसाहतीत प्लॉट मिळायचा होता. बाळाबाईचं नाव यादीत नव्हतं. नवऱ्यानं टाकल्यावर ती माहेरी आली आणि अकरा वर्षं धाकट्या भावाच्या घरामागच्या छपरात राहिली. यादीत त्या छपरासमोर 'गोठा' असं लिहिलेलं होतं. आज शेवटची सुनावणी होती.

नकाशाची कल्पना चिमणाबाईची. ती गारगोटीकडची. तिचं गाव वीस वर्षांपूर्वी धरणात गेलं आणि तिचं घर त्याआधीच यादीत दुसऱ्याच कुणाच्या तरी नावाखाली बुडालं होतं. तेव्हापासून जिथं गाव उठतं तिथं ती जाऊन बसायची. आज इथवर आणणाऱ्या टेम्पोचं भाडं तिच्याकडच्या बायकांनी दर शुक्रवारच्या बचतीच्या डब्यातून पाठवलं होतं. रांगोळीही त्यातलीच.

"कागद न्हाय म्हणत्यात न्हवं?" ती म्हणाली होती. "मग गावच नेऊन ठेवा त्यांच्या दारात."

ऊन कोवळं होतं. हळूहळू ते अंगण कचेरीचं राहिलं नाही. बायका हलक्या आवाजात बोलू लागल्या, जशा दुपारी परसात बोलतात तशा. एकीला ओल्या गवताचा वास आला आणि तिनं मान वळवून पाहिलं. चहाचे पेले घेऊन निघालेला शिपाई नदीपाशी थबकला, पायांकडे बघत क्षणभर उभा राहिला आणि काठाकाठानं लांबून गेला.

साहेब आले तेव्हा फाटकातून महांतेशही आत आला. बाळाबाईचा भाऊ. त्याचा जबाब व्हायचा होता. मागं त्याची बायको दानेश्वरी होती. ती टेम्पोतून आली नव्हती, नवऱ्याबरोबर मोटारसायकलवरून आली होती. बायकांकडे न बघता ती कडेला उभी राहिली.

साहेबांनी हातातला नकाशा फरशीवरच्या गावाशी ताडून पाहिला. मग तो फिरवला. परत फिरवला.

"यात गावचा रस्ता कुठं आहे?"

"त्यो पुढल्या अंगाला, साहेब," एकजण म्हणाली. "तिकडनं बाप्ये येत्यात. आमचं येणंजाणं परसातनं."

साहेबांनी कागद उलटा धरला. त्यांच्या नकाशात गाव पुढच्या दारांनी उभं होतं, इथं ते मागच्या दारांनी उघडलं होतं. महांतेशच्या घरामागं एक लहान चौकोन होता. त्याच्या एका रेघेत दाराएवढी जागा सोडलेली होती. बाळाबाई त्या चौकोनात बसली होती.

"हा गोठा आहे," साहेब म्हणाले.

"तिथं मी राहत हुतो," बाळाबाई म्हणाली.

"चूल वेगळी होती?"

बाळाबाईनं भावाकडे पाहिलं आणि बोटांना लागलेली रांगोळी पुसत राहिली.

महांतेशनं घसा साफ केला. "आमच्या घरात दोन चुली कधीच न्हवत्या, साहेब. आक्का माझी थोरली बहीण हाय. आमच्यातच जेवायची. नव्या घरातबी माझ्याकडंच ऱ्हाईल की."

त्याचा आवाज दुष्टपणाचा नव्हता. पाठच्या भावाच्या घरी बहिणीला वेगळं रांधून खावं लागलं, हे चारचौघांत कबूल करणं त्याला जमणारं नव्हतं, एवढंच. बायकांचे हात थांबले. सगळ्यांना सगळं माहीत होतं. पण त्याच्या बायकोसमोर त्याला खोटं पाडायला कुणाची जीभ रेटेना.

साहेबांनी पेनचं टोपण काढलं.

"मग अकरा वर्षं माझं डोळं कशानं चुरचुरत हुतं?"

दानेश्वरी बोलली होती. भांडायला उभं राहावं तशी ती दोन पावलं पुढं आली होती.

"हिचं ओलं जळण आनि माझं डोळं. पाटंचं हिची चूल पेटायची आनि सारा धूर माझ्या घरात. परसदार मी लावून घेतलं ते त्यापायीच. किती भांडणं झाल्यात, गल्लीला इचारा."

"दाने," महांतेश हळूच म्हणाला.

"खोटं बोलतो व्हय मी?" ती त्याच्याकडे न बघता म्हणाली.

मग घाट काढणारी हसली. "उसाचं पाचट जाळायची, साहेब. माझ्या पापडावर राख यायची."

"बेंदराच्या सणाला तर मी सोडवायला गेलतो," दुसरी म्हणाली. "दोघींनीबी मलाच शिव्या दिल्या."

मग ती सगळी भांडणं एकेक करून बाहेर आली, कोणतं सणाला, कोणतं कुणाच्या बारशाला.

"हे अर्जात का लिहिलं नाही?" साहेबांनी विचारलं.

"घरातली भांडणं अर्जात कोण लिव्हतंय?" चिमणाबाई म्हणाली.

साहेब बराच वेळ लिहीत राहिले. 'चूल स्वतंत्र' हे शब्द त्यांनी मोठ्यानं वाचले आणि कागद दानेश्वरीपुढं धरला. तिनं एकेक अक्षर लावत सही केली.

महांतेश वळला. घरांवरून, चिंचेवरून, नदीवरून तो सरळ चालत गेला. फाटकाबाहेर मोटारसायकल सुरू झाली. थोडा वेळ ती जागेवरच गुरगुरली. मग हातकणंगल्याच्या रस्त्याला तिचा आवाज लांब लांब होत गेला.

दानेश्वरी उभीच होती. आवाज पुरता विरेपर्यंत ती फाटकाकडे बघत होती.

"उभी का ऱ्हायलीस?" बाळाबाई म्हणाली. "आत ये की."

दानेश्वरीनं खाली पाहिलं. एक पाऊल उचललं असतं तरी ती चौकोनाची रेघ ओलांडून आत आली असती. पण ती घराला वळसा घालून मागं आली आणि दारासाठी सोडलेल्या जागेतून आत गेली.

बाळाबाई सरकून बसली. खोली दोघींना जेमतेम पुरेल एवढीच होती.