दोन्हीकडून हाक

ताईचा आवाज असा, की ती नुसती खोकली तरी शेजारच्या तीन घरांतलं दूध उतू जाई. स्तनातली कर्करोगाची गाठ काढली, औषधांनी डोक्यावरचे केस गेले. आवाजाच्या मात्र केसालाही धक्का लागला नाही.

तिची धाकटी बहीण प्रयोगशाळेत तसल्याच गाठीच्या पेशी वाढवायची. शरीरातले पहारेकरी, म्हणजे रोगप्रतिकारक पेशी, एकमेकांना रसायनांच्या हाका मारतात. गाठीतल्या लबाड पेशी त्याच हाकांचा माग काढत हाडात, फुप्फुसात जाऊन बिऱ्हाड थाटतात. धाकटीच्या हाती त्यांचे कान बंद करणारं औषध आलं होतं. छोट्या वाट्यांत मधोमध बारीक चाळणी; वर पेशी, खाली हाकेचं रसायन. बिनऔषधाच्या वाट्यांत पेशी खाली उतरल्या आणि औषधाच्या वाट्यांत कुणी उतरलं नाही, की जिंकलं!

वाट्या भरल्याच्या दुसऱ्या दिवशी पाहते तो औषधाच्या वाट्यांत चाळणीखाली शुकशुकाट. तिने तिथूनच फोन लावला.

"ताई, एकही उतरली नाही गं!"

"अगं बाई!" ताई गरजली. "म्हणजे माझी गाठही कुठे पळाली नसेल!" तासाभरात मावशी, आत्या, वहिनी, सगळ्यांना वर्दी गेली.

मग धाकटीने बिनऔषधाच्या वाट्या पाहिल्या. तिथेही शुकशुकाट. मग तिला आठवलं. वाट्या भरताना ताई तिच्याशी फोनवर केसांच्या टोपाच्या रंगावरून भांडत होती. त्या नादात तिच्या हातून रसायन चाळणीखाली पडलं तसं वर पेशींतही पडलं होतं.

ती तडक ताईकडे गेली. ताई नवा टोप घालून आरशासमोर बसली होती.

"ताई, चुकले मी. ते औषधाने झालं नव्हतं. वरूनही हाक, खालूनही हाक. पेशी जातील कुठे?"

ताईने टोप काढून मांडीवर ठेवला. घड्याळाला आपली टिकटिक जन्मात पहिल्यांदा ऐकू आली.

"आई आतून आणि बाबा बाहेरून ओरडायचे, तेव्हा तू दारात खांबासारखी उभी राहायचीस, तशा?"

"अगदी तशाच."

"मेल्या तुझ्याच वळणावर गेल्या!" ताई खो खो हसली, मग डोळे पुसले. "जा, पुन्हा कर. तोवर माझं तोंड बंद."

त्या काळात गल्लीतली दुधं शहाण्यासारखी तापली.

या खेपेला बिनऔषधाच्या वाट्यांत पेशींची झुंबड उडाली. औषधाच्या वाट्यांत मोजक्याच उतरल्या.

"वाटीतली गोष्ट आहे, ताई. माणसापर्यंत पल्ला लांब आहे."

"असू दे. मावशीला सांगू?"

"हळू सांग हं."

ताईने अगदी हळू सांगितलं. तीन घरांत गॅस पुसायची धांदल उडाली.