चाळीस मिनिटांचा फलक

मित्रांनो, मी एक जुना पत्र्याचा फलक आहे. एका लहानशा विमानतळावर, तिकिटाच्या खिडकीवर माझे आयुष्य गेले. माझ्या अंगावर दोनच ओळी आहेत. डोंगरापलीकडचा विमानतळ: अंतर एकशे नव्वद किलोमीटर. विमानाने वेळ: चाळीस मिनिटे.

मला रंगवताना पेंटरने मॅनेजरला विचारले होते, "साहेब, पलीकडे धुकं असलं की विमान येतच नाही. तेही खाली लिहू का?"

मॅनेजर हसला. "अरे, लग्नाच्या पत्रिकेत कुणी भांडणं छापतं का?"

सुरुवातीला माझे फार कौतुक झाले. घाटाने जायला अर्धा दिवस मोडायचा, त्यामुळे माझ्याकडे पाहून लोकांचे चेहरे फुलायचे. मीही फुशारून जायचो. खिडकीतल्या बाबूला मात्र बोलायचा भारी कंटाळा. कुणी काहीही विचारले, की तो हातातली पेन्सिल माझ्याकडे करायचा. पुढे तीच तिथली शिस्त झाली. मला वाचा नाही, हे कुणाच्या ध्यानातही आले नाही.

एका थंडीत सकाळीच एक बाई धावतपळत आली. पलीकडच्या गावात तिची आई दवाखान्यात शेवटच्या घटका मोजत होती. बाहेरचा टॅक्सीवाला तिला म्हणाला, "ताई, घाटाने चला. दुपार टळायच्या आत आईच्या उशाशी नेऊन सोडतो."

तिने खिडकीशी येऊन विचारले, "विमान कधी सुटेल हो?"

आमचे एकुलते एक विमान तेव्हा पलीकडे धुक्यात अडकले होते. तसा फोन बाबूला आला होता. पण सवयीचा गुलाम तो! पेन्सिल वर गेली. बाईने मला वाचले आणि टॅक्सीवाल्याला सांगितले, "नको दादा, चाळीस मिनिटांत पोचते मी."

ती माझ्याखालीच बसली. आईसाठी विणायला घेतलेल्या स्वेटरची एक बाही राहिली होती. ती विणू लागली. मधूनच उठून विचारायची आणि पेन्सिल पाहून परत बसायची. मला तिच्याकडे बघवत नव्हते. दुपार कलली, बाही पुरी झाली, तेव्हा कुठे विमानाची घरघर ऐकू आली. ती लगबगीने उठली आणि नेमका तिच्या धाकट्या भावाचा फोन आला.

"अरे, थांबायला सांग ना तिला," ती म्हणाली. "विमान आलंय. चाळीसच मिनिटं, म्हणावं."

मग तिला पलीकडचे रडणे ऐकू आले. 

बाबू प्रथमच खिडकीबाहेर आला. "बाई, धुक्याचं मला सकाळीच कळलं होतं, पण..."

"मग तोंड होतं ना तुम्हाला?" एवढेच ती बोलली.

त्याच विमानाने ती गेली. विमान बरोबर चाळीस मिनिटांत पोचले.

आता मला गंज चढला आहे. माझ्या जागी दिव्यांचा झगमगीत फलक येणार म्हणतात. त्यावरही याच दोन ओळी असतील. मित्रांनो, मला खुशाल भंगारात टाका, मला त्याचे दुःख नाही. पण कुणी काकुळतीने काही विचारले, तर भिंतीकडे बोट दाखवू नका. देवाने तोंड दिले आहे, त्याने सांगा. मला ते मिळाले असते, तर मी ओरडलो असतो, "बाई, टॅक्सीने जा!"