बी धरेपर्यंत थांबा

उंच देवदारास आणि वीतभर तृणास एकाच ममतेने पाणी पाजणाऱ्या विश्वंभरास प्रथम दंडवत.

मी पाणथळीतला लव्हाळा बोलतोय. उंची जेमतेम वीतभर, फुले मातकट. मला पाहून कोणी थबकावे असे माझ्यात काही नाही. तरीही निःशंकपणे सांगतो, कार्यालयामागच्या या ओल्या काठाचा मी मूळचा रहिवासी आहे.

माझा सांभाळ माळीकाकांकडे. मनुष्य प्रामाणिक, दर पंधरवड्याला विळ्याने काठ असा भादरीत, की न्हाव्यानेही मान डोलवावी. त्यामुळे मला फुलोरा येई, पण बी कधी धरत नसे. आणि पिकल्या बीवाचून माझी जात ठरवणे कोणालाच साधत नाही.

पुढे ही जागा बुजवून तेथे गाड्या उभ्या करण्याचे ठरले. मोठे साहेब म्हणाले, "जपण्यासारखं काही असेल, तर शुक्रवारपर्यंत लेखी द्या." म्हणून गुरुवारी वनस्पतिशास्त्राच्या बाई भिंग घेऊन आल्या.

"बाई, गवत ते गवत! त्याची काय पत्रिका मांडताय?" काका हसले.

"काका, हे गवत नव्हे. काडी बोटांत फिरवून बघा."

"अरेच्चा! गवताची काडी गोल असते, हिला तर तीन कडा लागतात की!"

"दुर्मिळ लव्हाळा वाटतोय. आता खात्रीला फक्त पिकलेलं बी हवं. नाहीतर उद्या मी काय लिहून देऊ?"

काकांचा चेहरा उतरला. "बी कुठून येणार? दर खेपेला मीच तर छाटतो."

बाईंनी भिंग खाली ठेवले. काका गुडघा चोळत उभे राहिले आणि एकाएकी म्हणाले, "थांबा! गुडघा सुजला म्हणून महिनाभर काठाच्या त्या टोकाच्या उतारावर उतरलोच नाही. आळस केला म्हणून बायको रोज बोलते मला!"

उतारावर मी पिकून उभा होतो. बाईंनी माझे मोहरीहून बारीक बी भिंगाखाली धरले. त्यावरच्या आडव्या रेघा त्यांनी पुन्हा पुन्हा मोजल्या. मी निश्चिंत होतो. निर्मात्याने दिलेली खूण खोटी कशी ठरेल?

"तोच हा! काका, अस्सल इथलाच. आता फार थोड्या ठिकाणी उरलाय."

शुक्रवारी कागद साहेबांपुढे गेला. गाड्यांची जागा पलीकडच्या मुरमाड पटांगणात गेली. हल्ली कोणी काठावर आले, की काका दरडावतात, "ओ, पाय जपून! घरची माणसं आहेत ती!"

श्रोतेहो, ज्याची ओळख पटली नाही, त्यावर विळा चालवण्याची घाई करू नका. तुमच्या घरी पाणी कधी आटू नये, लेकरेबाळे सुखात नांदावीत, आणि उंबऱ्याशी आलेल्या प्रत्येकाला ओळख मिळावी, हाच माझा आशीर्वाद.