हिवाळ्यात बाहेर न पडायची गाडी

मी ओझेलीची निळी गाडी बोलतेय. ‘ओझेलीची’ हे मुद्दाम सांगते. कागदावर पहिल्या दिवसापासून तिचंच नाव होतं, पण ते घरच्यांच्या गळी उतरायला एक अख्खा हिवाळा जावा लागला.

कारखान्यातलं मला फारसं आठवत नाही. ठिणग्या आठवतात आणि ओल्या रंगाचा वास. खरी जाण आली ती कॅनडातल्या न्यू ब्रन्सविकच्या उत्तर किनाऱ्यावरच्या एका शोरूममध्ये. काचेपलीकडे सप्टेंबरचं ऊन पडलेलं असायचं. येणारे-जाणारे माझ्या बोनटवरून हात फिरवायचे. जग म्हणजे हेच, कोरडं, गुळगुळीत आणि कौतुक करणारं, अशी माझी समजूत होती.

ओझेली आली ती नवऱ्याला घेऊन. पासष्टी उलटलेली, ठेंगणीशी बाई. त्याच उन्हाळ्यात गाडी शिकून परवाना काढलेला. तिचा नवरा इव्हॉन. आयुष्य खेकडे पकडणाऱ्या बोटीचा कॅप्टन म्हणून गेलेलं, त्यामुळे बंद खोलीतही वाऱ्याशी स्पर्धा केल्यासारखा मोठ्यानं बोलायचा.

गाडी पसंत पडली. मग सेल्समननं खुर्ची पुढे ओढली आणि माझ्या संरक्षणाचा विषय काढला. रंगावर चकाकीचा थर, सीटवर डाग न धरणारा फवारा, पोटाखाली गंज रोखणारं तेल आणि हिवाळी टायर. घेणार ओझेली, पण तो बघत होता इव्हॉनकडे.

“थर दे, फवारा दे,” इव्हॉन म्हणाला. “गंजाचं तेल नको. टायरही नकोत.”

“साहेब, रस्त्यावर मीठ टाकतात हिवाळ्यात. पोट खाऊन टाकतं ते. आणि या टायरवर बर्फात...”

“हिवाळ्यात कोण बाहेर काढतंय? नोव्हेंबर लागला की ही शेडमध्ये.”

ओझेलीनं मान वर केली. “शेडमध्ये?”

“मग! माझा पिकअप आहे की. कुठं जायचं असेल तर मी सोडीन.”

“सगळीकडे सोडशील?”

इव्हॉन काचेबाहेर बघू लागला. सेल्समनही कागद चाळू लागला. मी मात्र हबकलेच. माझ्या अंगाला काय काय फासायचं यावर इतकी चर्चा, आणि मी वर्षातला निम्मा काळ अंधारात उभी राहणार, हे बोलता बोलता ठरूनही गेलं!

त्या ‘सगळीकडे’चा अर्थ मला पुढे कळला. पुलापलीकडच्या बेटावर ओझेलीची थोरली बहीण राहायची, फ्लोरीना. एकटी, डोळ्यांनी अधू होत चाललेली. तिचा नवरा आणि इव्हॉन एकाच बोटीचे भागीदार होते. नवरा वारल्यावर फ्लोरीनानं त्याचा वाटा इव्हॉनला न विचारता परक्याला विकला. तेव्हापासून इव्हॉननं तिचं दार बघितलं नव्हतं. बायकोला तिथे नेऊन सोडायलाही तो तयार नसायचा. म्हणून तर ओझेलीनं या वयात चाक हातात धरलं होतं.

पानं गळेपर्यंत आम्ही दोघी दर गुरुवारी पूल ओलांडत होतो. मागच्या सीटपुढे खाली कोंबडीच्या रश्श्याचं, फ्रिकोचं, पातेलं टॉवेलात गुंडाळलेलं असायचं. ओझेली चालवताना गुणगुणायची, वळण आलं की गप्प व्हायची आणि वळण संपलं की पुढची ओळ उचलायची. नोव्हेंबरात शेडचं दार लागलं. जाळी, दोऱ्या आणि पाण्यावर तरंगणाऱ्या जुन्या बोयांच्या संगतीत मी उभी राहिले.

डिसेंबरमधल्या एका सकाळी दार धाडकन उघडलं. ओझेलीच्या कोटाची बटणं वर-खाली लागली होती. फ्लोरीना अंगणात घसरून पडली होती, खुब्याचं हाड मोडलं होतं. तिला इस्पितळात नेलं होतं. इव्हॉन पिकअप घेऊन बोटींच्या धक्क्यावर गेलेला, फोन उचलत नव्हता.

“चल गं,” ती मला म्हणाली.

मी निघाले. अंगणातच माझे पाय घसरले. तो धक्का मी कधी विसरणार नाही. चाक फिरतंय पण जमीन पकडीत येत नाही! उन्हाळ्यात ज्या टायरांवर मी तोऱ्यात चालायचे, ते थंडीनं लाकडासारखे टणक झाले होते. ओझेली अगदी सावकाश चालवत होती, पाठीचा कणा ताठ, ओठ घट्ट.

चर्चजवळच्या उतारावर समोरून बर्फ सारणारा ट्रक आला. तिनं ब्रेक दाबला. ब्रेकनं आपलं काम केलं, चाकं थांबली. मी थांबले नाही. मी आडवी होत होत त्या प्रचंड पोलादी पात्याकडे सरकत राहिले. ओझेलीनं किंकाळीसुद्धा फोडली नाही. ट्रकवालीनं ट्रक ऐन वेळी कडेला घेतला. पातं माझ्या आरशाला चाटून गेलं आणि मी नाकावर चरात जाऊन पडले.

ट्रकवाली क्लॉडेट गावातलीच. तिनं ओझेलीला बाहेर काढलं. तिला साधं खरचटलंही नव्हतं. क्लॉडेटनं धक्क्यावर निरोप धाडला. इव्हॉन आला तो टोपी न घालता.

“टायर नाहीत हे माहीत होतं ना तुला?” तो ओरडला.

“माहीत होतं. तुलाही माहीत होतं.”

“मरायचं होतं का?”

“फ्लोरीनाकडे जायचं होतं.”

इव्हॉननं चराकडे पाहिलं, माझ्याकडे, त्या पात्याकडे. त्याचा आवाज पहिल्यांदाच खाली आला. “मला वाटलं, टायर नसले की तू घरात बसशील.”

मी चरात नाक खुपसून ते ऐकलं आणि बर्फापेक्षा गार पडले. मला वाटत होतं त्याला माझी काळजी नव्हती, निष्काळजीपणानं टायर राहिले. म्हणजे मला त्या घरात आणलं होतं ते कुलूप म्हणून!

“मग गाडी घेतलीस कशाला?” ओझेलीनं विचारलं.

“तू मागितलीस म्हणून.”

“कॅप्टन,” क्लॉडेट म्हणाली, “भांडण पिकअपमध्ये बसून करा. इथं दोघंही गोठाल.”

त्यानं तिला इस्पितळात नेलं. स्वतः आत गेला नाही म्हणे, बाहेर पिकअपमध्येच बसून राहिला. पण माझं नाक सरळ झालं त्या दिवशी गॅरेजमध्ये तो स्वतः आला आणि माझ्या पायांत हिवाळी टायर चढेपर्यंत शेजारी उभा राहिला. गंजाच्या तेलाचं कुणाच्या लक्षात आलं नाही.

फ्लोरीना काठी टेकत घरी परतली आणि आमचे गुरुवार पुन्हा सुरू झाले. फेब्रुवारीतल्या एका गुरुवारी इव्हॉन बाहेर आला आणि ओझेलीच्या शेजारी बसला. पातेलं मांडीवर घेतलं. तिनं किल्ली फिरवली. पूल संपेपर्यंत तो उजव्या पायानं माझा तळ दाबत होता, जणू तिथे ब्रेक आहे. बेटावर पोहोचल्यावर ओझेली पातेलं घेऊन आत गेली. तो बसूनच राहिला. इंजिन बंद, काचांवर त्याच्या श्वासाची वाफ.

घराचं दार उघडलं. फ्लोरीना काठीवर रेलून उभी होती, चेहरा भलतीकडे.

“ओझेली, गाडीत कोण खोकतंय?”

“कुणी नाही.”

“मग त्या कुणी-नाहीला म्हणावं आत ये. रस्सा गार होतोय.”

त्यानं काचेवरची वाफ बाहीनं पुसली. मग माझं दार उघडलं.

फ्लोरीना पुढे आणखी काही हिवाळे जगली. मीही जगले. रंग माझा अजून चकाकतो, पण पोट मिठानं खाल्लंय. यंदा तपासणीत माणसानं खालून स्क्रूड्रायव्हर टोचला तर तो आरपार गेला. आज मला भंगारात न्यायला ट्रक आलाय.

जाता जाता एवढंच मागणं आहे. नवी गाडी घ्याल तेव्हा बोनटच्या चकाकीत तोंड बघण्याआधी जरा खाली वाकून बघा. आणि टायर कोणते घ्यायचे, ते चालवणारीला विचारा.

भंगारवाला माझ्या चाकाशी वाकलाय. “कॅप्टन, टायर चांगले आहेत अजून. काढून ठेवू?”

“हात लावू नकोस,” इव्हॉन म्हणतोय. “रस्त्यावर बर्फ आहे.”

“अहो, ती माझ्या ट्रकवर चढून जाणार आहे!”

“तरीही.”

ओझेली पायरीवर उभी आहे. आधी हसली, मग हातमोज्यानं डोळे पुसले. येते मी.